जर्मनीत राहताय? आधी लेटरबॉक्सवर नाव लावा

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त जर्मनीतले आहेत. पुण्या-चाकणच्या कंपन्यांमधून बदली होऊन येणारे, शिकायला येऊन नोकरीला लागलेले, लग्न होऊन आलेल्या मुली, असे सगळे. म्हणून या वेळचं सदर पूर्ण जर्मनीलाच दिलंय. मी फ्रांकफुर्टजवळ राहते त्याला आता एकवीस वर्षं झाली आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मी स्वतः ठेच लागूनच शिकले, त्यामुळे कुठलाही प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. सगळ्यांची नावं मुद्दाम काढलीयेत.

ताई, माझे मिस्टर जानेवारीत म्युनिकला आले आणि मी जूनमध्ये आले. दोघांची आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, झालीये, पत्ता बरोबर दिलाय, पण माझा टॅक्स आयडी आणि हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड सात आठवडे झाले तरी आलं नाहीये. इन्शुरन्सवाले म्हणतात आम्ही दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. मिस्टरांची सगळी पत्रं मात्र नीट येतात. माझ्याच बाबतीत असं का होतंय? – एक वाचक, म्युनिक

तुमच्या पत्राखालचं आडनाव आणि मिस्टरांचं आडनाव वेगळं आहे, म्हणजे लग्नानंतर तुम्ही पासपोर्ट बदलला नाही, बरोबर ना? मग आत्ताच्या आत्ता खाली जाऊन तुमच्या लेटरबॉक्सवर काय लिहिलंय ते बघा. माझी खात्री आहे तिथे फक्त मिस्टरांचं आडनाव असणार.

आपल्याकडे कसं असतं, बिल्डिंगचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, आणि तरीही सापडलं नाही तर पोस्टमन खालच्या वाण्याला विचारतो. इथल्या बहुतेक बिल्डिंगना फ्लॅट नंबर हा प्रकारच नसतो. रस्ता, बिल्डिंगचा नंबर, संपलं. त्यापुढे पोस्टमन फक्त आडनाव बघतो आणि ज्या पेटीवर ते आडनाव आहे तिच्यात पत्र टाकतो, तसं आडनाव कुठेच दिसलं नाही तर पत्र परत जातं. म्हणजे त्याच्या हिशोबाने तुम्ही त्या घरात राहतच नाही. आज एक पट्टी छापून दोन्ही आडनावं लावा, लेटरबॉक्सवर आणि खालच्या बेलवरसुद्धा, कारण पार्सलवाला बेल बघतो. घरमालकाची ठरलेली पाटी असेल तर त्याला मेल करा पण तोवर कागद चिकटवून ठेवा. मग इन्शुरन्सला फोन करून कार्ड पुन्हा मागवा, आणि टॅक्स आयडी केंद्रीय टॅक्स ऑफिसच्या वेबसाइटवरून पुन्हा मागवता येतो. तो टपालानेच येतो, फोनवर सांगत नाहीत. अकरा आकडी नंबर आहे, आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे आला की फोटो काढून ठेवा. नोकरी लागली आणि हा नंबर दिलेला नसेल तर पगारातून सगळ्यात वरच्या दराने टॅक्स कापला जाऊ शकतो, ते पैसे नंतर मिळतात पण वाट बघावी लागते.

अजून एक आपल्याच लोकांना येणारी अडचण, पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं ना, ते इथे दोन्ही तुमचंच नाव धरलं जातं. त्यामुळे एखाद्या पत्रावर तुम्हाला चक्क सासरच्या... म्हणजे नवऱ्याच्याच नावाने हाक मारलेली दिसेल. घाबरू नका, फक्त बँक, इन्शुरन्स, ऑफिस, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव द्या. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असं झालं की मग निस्तरत बसावं लागतं.

आणि ज्यांची आनमेल्डुंग अजून व्हायचीये त्यांच्यासाठी, घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करायची असते आणि त्याला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. घर घेतानाच विचारा, पत्र देणार का म्हणून. ते देणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. "राहा पण इथे नाव नोंदवू नका" असं जो म्हणतो त्याचं घर घेऊ नका, कितीही स्वस्त असो, कारण नोंदणी नाही म्हणजे टॅक्स आयडी अडतो, बँक अडते, व्हिसाचं कार्ड अडतं, सगळं त्या एका कागदावर उभं आहे.

टपालाबद्दल मी जरा जास्त लिहितेय पण लिहू द्या. लेटरबॉक्स रोज उघडा. पिवळ्या रंगाचा लिफाफा आला आणि त्यावर पोस्टमनने हाताने तारीख टाकलेली असली तर तो लिफाफासुद्धा फेकू नका, मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही कधी उघडलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. गाडीच्या दंडाविरुद्ध हरकत घ्यायला २ आठवडे, टॅक्सच्या हिशोबाविरुद्ध १ महिना. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पाच आठवडे पुण्याला गेलो होतो, परत आलो तर पेटीत असाच एक लिफाफा, मुदत कधीच संपलेली, वर खर्चाची भर पडलेली. तेव्हापासून सुट्टीला जाताना किल्ली शेजारच्या आजींकडे देऊन जाते आणि त्या मला लिफाफ्यांचे फोटो पाठवतात. ओळखीचं कोणी नसेल तर पोस्टाची पैसे भरून टपाल सांभाळून ठेवायची सोय आहे. जर्मन येत नाही म्हणून पत्र बाजूला ठेवून देणं हे मात्र करू नका, मोबाईलचा कॅमेरा धरला की भाषांतर दिसतं आता, निदान कशाबद्दल आहे आणि तारीख कुठली एवढं तरी कळतं.

आमच्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी दर महिन्याला १८.३६ युरो भरा म्हणून पत्रं येतायत. ही फसवणूक आहे का? – आखन

नाही, खरं आहे, भरा. ही सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठीची फी आहे, दर घराला एक, तुमच्याकडे टीव्ही असण्या-नसण्याशी तिचा संबंध नाही. घरात तिघं मित्र राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्या दोघांनी त्याचा नंबर कळवून आपली नोंद बंद करून घ्यायची. सोडून दिलं तर थकबाकी वाढत जाते आणि शेवटी वसुली येते. पैसे भरताना खातं ही फी गोळा करणाऱ्यांच्या अधिकृत साइटवरचंच आहे ना एवढं बघा.

मी स्टुटगार्टजवळ राहते. शेजाऱ्यांनी दारावर चिठ्ठी लावली, जिन्यात वास येतो आणि रविवारी आवाज होतो म्हणून. मी खूप रडले. आता फोडणी द्यायचीसुद्धा भीती वाटते. मागच्या आठवड्यात दाराच्या हँडलला कोणीतरी एक पाटी पण लटकवून गेलं. आम्ही घर बदलावं का? – एक वाचक

अहो नाही, घर बदलू नका, इतक्या मुश्किलीने मिळालेलं असतं ते. आधी ती पाटी. ती तुमच्या विरोधात नाहीये. तुम्ही श्वाबेन भागात राहता आणि तिथे केरवोखे म्हणून पद्धत आहे, पंधराव्या शतकापासूनची, जिना झाडायची-पुसायची पाळी. ज्यांची पाळी झाली ते पुढच्याच्या दाराला पाटी अडकवतात. म्हणजे या आठवड्यात जिना तुमचा. स्वच्छ झाडा, ओल्या फडक्याने पुसा, शक्यतो शनिवारी आणि लोक येता-जाता बघतील अशा वेळी, आणि मग पाटी पुढच्या दाराला. मोठी पाळी वेगळी असते, त्यात अंगण, कचऱ्याच्या पेट्यांची जागा आणि थंडीत बर्फ काढणं येतं. तुमच्या करारासोबत घराच्या नियमांचा कागद मिळाला असेल, त्यात कुठली पाळी कोणाकडे ते लिहिलेलं असतं.

आता वास. स्वतःच्या घरात स्वयंपाक करायला कोणी बंदी घालू शकत नाही, फोडणी द्या, लसूण घाला, सगळं करा. फक्त एक बघा, धूर झाला की आपण सवयीने घराचं मुख्य दार उघडतो का? मी करायचे, कारण आपल्याकडे दार उघडलं की वारा खेळतो. इथे दाराबाहेर बंद जिना असतो आणि तो सगळा वास चार मजल्यांवर जाऊन बसतो. दार बंद ठेवायचं, खिडक्या पूर्ण उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर दोन्ही, पाच-दहा मिनिटं, अगदी थंडीतसुद्धा. नुसती वरून तिरकी करून तासन्‌तास ठेवली तर वास जात नाही आणि भिंत गार पडून बुरशी धरते, बुरशी धरली की घरमालक तुमच्याकडे बोट दाखवतो. म्हणून तसंही दिवसातून दोन-तीनदा हे करायचंच आहे.

आवाजाचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ शांतता आणि रविवारी दिवसभर. कुकरच्या दोन शिट्ट्यांनी काही होत नाही. पण रविवारी सकाळी सात वाजता मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी, ड्रिल मशीन, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं, हे नको. चटणी शनिवारी वाटून ठेवा.

आणि आज-उद्या संध्याकाळी खालच्यांची बेल वाजवा. जर्मन नीट येत नसेल तर दोन वाक्यं कागदावर लिहून न्या, आम्ही नवीन आहोत, पद्धती शिकतोय, काही त्रास झाला तर सांगा. सोबत थोडे शंकरपाळे. माझ्या पाहण्यात चिठ्ठी लिहिणारी माणसं बहुतेक वेळा समोर आली की वेगळीच निघतात. चिठ्ठी लिहिणं हे इथे भांडण नसतं, समोरासमोर बोलून तुम्हाला अवघडायला नको म्हणून लिहितात, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

मी भारतातल्या लायसन्सवर दीड वर्ष गाडी चालवतोय, एकदाही अडवलं नाही. मित्र म्हणतो चालतं. – हॅनोव्हर

नाही चालत, आजपासून थांबवा प्लीज. इथे राहायला आल्यापासून ६ महिने भारतीय लायसन्स चालतं, सोबत भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट लागतं. त्यानंतर तुम्ही लायसन्सशिवाय गाडी चालवताय असंच धरतात आणि तो नुसता दंडाचा विषय नाही, फौजदारी गुन्हा आहे, पुढे व्हिसा आणि नागरिकत्वाच्या वेळी नडतो. अपघात झाला तर इन्शुरन्स तुमच्याकडून वसुली करू शकतो. थिअरी आणि प्रत्यक्ष चालवायची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, पण तुमच्याकडे भारताचं लायसन्स असल्यामुळे नवशिक्यांना असतात तसे सक्तीचे तास लागत नाहीत, शिकवणाऱ्याला वाटतील तेवढेच. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स करून ठेवा. थिअरी इंग्लिशमधून देता येते, हिंदी नाहीये. आणि वीस वर्षं मुंबईत चालवलेली असली तरी अभ्यास करा, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आपल्या हातात मुळीच बसलेला नसतो, आपली बरीच मंडळी तिथेच नापास होतात.

ताई, मी नाशिकचा, वय २७, बर्लिनला ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, येऊन पाच महिने झाले. परवा मॅनेजरने कॉलवर सांगितलं की प्रोबेशनमध्येच थांबवतोय, आणि नंतर ईमेल आला. एचआरने एक कागद पाठवलाय, सही करून आजच परत द्या म्हणून. घरी काही सांगितलं नाहीये, बाबांनी कर्ज काढून पाठवलंय. आता लगेच देश सोडावा लागेल का? – एक वाचक

आधी हे वाचा, लगेच देश सोडावा लागणार नाही. नोकरी गेली म्हणून ब्लू कार्ड त्याच दिवशी रद्द होत नाही, नवीन नोकरी शोधायला साधारण ३ महिने मिळतात.

आता तो कागद. सही करू नका, निदान आज नाही. मथळ्यात "आउफहेबुंग" असा शब्द आहे का बघा, असेल तर तो दोघांच्या संमतीने करार संपवायचा कागद आहे. म्हणजे कंपनीने काढलं असं न राहता तुम्हीही तयार होतात असं होतं, आणि त्यावर सही केलेल्यांचा बेकारभत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. तुम्हाला पाचच महिने झालेत, आणि भत्त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारीचा इन्शुरन्स भरलेला लागतो, त्यामुळे खरं सांगायचं तर तुम्हाला भत्ता तसाही मिळणार नाही. पण सही केली की नोटिशीची मुदत, त्या दिवसांचा पगार, उरलेल्या रजा, हे सगळं त्या कागदात जे लिहिलंय तेवढंच उरतं. एचआरला दोन ओळींचा नम्र मेल टाका, कागद वाचून, सल्ला घेऊन कळवतो. त्यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काही नाही, इथे कोणीही असंच करतं.

ईमेलने नोकरीवरून काढता येत नाही. कायद्याने कागदावर, शाईच्या सहीने पत्र द्यावं लागतं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, कॉल यातलं काही चालत नाही. तसं पत्र आलं की ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्याच्यावर लिहून ठेवा, कारण त्या दिवसापासून ३ आठवड्यांत कोर्टात जायचं असेल तर जाता येतं. प्रोबेशनमध्ये २ आठवड्यांची नोटीस पुरते आणि पहिल्या ६ महिन्यांत कारण द्यावं लागत नाही, त्यामुळे नोकरी वाचेलच असं मी म्हणणार नाही. पण कंपनीत कामगारांची निवडलेली समिती असेल, बेट्रीब्सराट म्हणतात तिला, तर काढण्याआधी तिला विचारावंच लागतं, प्रोबेशन असलं तरी. विचारलं नसेल तर काढणं टिकत नाही. समितीतल्या कोणालातरी आजच भेटा.

मग तीन कामं, याच आठवड्यात. आर्बाइट्सआगेन्टूर म्हणजे इथलं रोजगार ऑफिस, तिथे कळल्यापासून ३ दिवसांत ऑनलाइन नाव नोंदवा, भत्ता नसला तरी नोंदवा. परदेशी नागरिकांच्या ऑफिसला २ आठवड्यांत लेखी कळवा, लपवलं तर नंतर तेच जास्त नडतं, आणि नवीन नोकरी मिळाली तरी त्यांना कळवावी लागेल कारण तुमचं ब्लू कार्डचं पहिलंच वर्ष आहे. आणि हेल्थ इन्शुरन्सला फोन करा, नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझं काय होईल असं स्पष्ट विचारा, मध्ये एक दिवसही रिकामा जाऊ देऊ नका. कंपनीकडे कामाचं प्रमाणपत्र मागा, पाच महिन्यांचं का असेना, तो तुमचा हक्क आहे आणि इथे अर्जासोबत ते बघतात.

वकिलाचे पैसे नाहीत असं तुम्ही लिहिलं नाहीये पण मला ते दिसतंय. "फेअर इंटिग्रेशन" नावाने, जर्मनमध्ये "फेअरे इंटेग्रात्सिओन", युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्या कामगारांसाठी फुकट सल्ला मिळतो, बर्लिनलाही आहे, इंग्लिशमध्ये बोलतात. तो कागद घेऊन तिथे जा.

आणि आई-बाबांना सांगा. आज नाही तर रविवारी सांगा, पण सांगा. रोज रात्री फोनवर "ऑफिस कसंय" ला "छान" म्हणत राहिलात तर नोकरी शोधायची ताकद त्यातच जाईल. कर्जाचा हप्ता दोन-तीन महिने कसा भरायचा हे बाबा तुमच्यापेक्षा आधी विचार करून ठेवतील, बँकेत जाऊन बोलतील. तुमच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरही लिहा, नोकरी गेलीये आणि अमुक काम येतं, एवढं साधं. मी अशी किती मुलं पाहिलीयेत ज्यांना पुढची नोकरी तिथल्याच कोणाच्या तरी एका फोनवरून मिळाली. काय झालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.

सासू-सासरे पहिल्यांदा येतायत, मे-जूनमध्ये. बीपी आणि शुगर दोघांना. सासूबाई घरचं तूप आणणार म्हणतायत. सामानात काय आणू दे आणि काय नको? – कोलोन

मे-जून उत्तम, दिवस मोठा असतो, त्यांना एकटं फिरता येईल. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण नुसता स्वस्त बघून घेऊ नका, आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत बीपी-शुगरमुळे आलेलं दुखणं वगळलेलं असतं किंवा अगदी थोडं धरलेलं असतं. औषधं पूर्ण मुक्कामाची आणू द्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्लिश चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर ब्रँडच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव असू द्या, इथल्या डॉक्टरला आपले ब्रँड कळत नाहीत. साधी पॅरासिटामॉलसुद्धा इथे फार्मसीतच मिळते आणि रविवारी फार्मसी बंद असते, फक्त पाळीवरची एखादी उघडी, तर एक पाकीट घरात ठेवा. छातीत दुखणं वगैरे काही झालं तर ११२. रात्री ताप आला, उलट्या होतायत, तितकं गंभीर नाही पण डॉक्टर हवाय, तर ११६११७. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा आणि घराचा पत्ता लिहिलेलं कार्ड दोघांच्या खिशात. ट्रॅमने एकटे जाणार असतील तर तिकीट घेऊन मशीनमध्ये शिक्का मारायचा असतो तिथे मारायला शिकवा, नाहीतर तिकीट हातात असूनही ६० युरो जातात.

आता सामान. सासूबाई घरचं तूप आणणार हे तुम्ही लिहिलंच आहे, त्यांना प्रेमाने नाही म्हणा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, हे सगळं कस्टम्सने पाहिलं तर काढून टाकतात. इथलं बिनमिठाचं लोणी आणून घरी कढवा, तूप छान होतं, सासूबाईंनाच कढवू द्या. मासे मात्र माणशी २० किलोपर्यंत चालतात, त्यामुळे सुके बोंबील, सोडे खुशाल येऊ द्या, फक्त चार पिशव्यांत बांधून. गोडा मसाला, मेतकूट, पापड, कुळथाचं पीठ, हे सगळं आणू द्या. ताजा कढीपत्ता नको, १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी पानं-फळं-भाज्या आणायला झाडांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यातून फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटलीयेत. कढीपत्ता सावलीत वाळवून आणता येतो.

हापूसची पेटी पण त्याच नियमात अडकते, सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, विमानतळावर त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेलेली त्यांना बघवणार नाही. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने आपला आंबाच बंद केला होता, २०१५ च्या सुरुवातीला तो पुन्हा सुरू झाला, आणि आता सीझनमध्ये इंडियन दुकानांत रीतसर तपासून आलेल्या पेट्या मिळतात. महाग असतात. ते यायच्या आठवड्याची एक आजच सांगून ठेवा.